फॉल्ट सेटात नव्हता

यशवंत गेल्याची बातमी शेलूबाजारहून आलेल्या एका जीपवाल्यानं आणली. शाळेला सुट्टी होती. वाशीममध्ये रफिकभाईच्या गॅरेजात एका जुन्या टायरवर बसून मी नेहमीसारखा त्याच्या कामात लुडबुड करत होतो. जीपवाला उतरला, माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे ते रेडिओवाले ग्रामसेवक... सकाळी रोडवर ट्रकखाली आले." मग कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "ट्रकवाला म्हणते, हॉर्न देऊन देऊन थकलो, पन हा मानूस सायकल बाजूले घेयेचना. काहून नाई घेतली, काय मालूम." रफिकभाईचा हात इंजिनात कोपरापर्यंत गेलेला होता. तो त्यानं बाहेर काढला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. काहून नाही घेतली, ते आम्हा दोघांना माहीत होतं. पण जीपवाल्याला आम्ही काही सांगितलं नाही, कारण आम्ही यशवंतला तसा शब्द दिलेला होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेलूबाजारला त्याच्या घरापुढे मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, चार माणसं त्याच्याबद्दल चांगलं बोलली, आणि माझ्या मागच्या रांगेतून कुजबुज आली, "एवढा हॉर्न ऐकू येत नाई म्हंजे काय? घेतली असन सकाळी सकाळी." माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या मांडवात बसून त्याच्याबद्दल हे बोलायचं! मी उठलोच होतो, पण कमलवहिनींनी, यशवंतच्या बायकोनं, लांबूनच मान हलवून मला खाली बसवलं. त्या दिवशी गप्प बसलो, याचा राग अजून आहे. कोणावर काढावा ते कळत नाही. आता वहिनीच म्हणाल्या, "लिहा भाऊजी. आता कोनाची नोकरी जाते?" म्हणून लिहितो आहे. यशवंत प्यालेला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

आमची गाठ रेडिओनं घालून दिली. तेव्हा वाशीमला रेडिओ घरोघरी येऊ लागले होते आणि घरोघरी बिघडूही लागले होते. दुरुस्तीला थेट अकोल्याला न्यायचं म्हणजे मोठं जिकिरीचं काम. त्यातून आमची चौकडी जमली. मी भूगोल शिकवणारा मास्तर, जीपा दुरुस्त करणारा रफिकभाई, टेबलाएवढा व्हॉल्व्हचा रेडिओ बाळगून असलेले जमीनदार बापूराव, आणि यशवंत. रविवारी जेवणं झाली की माझ्या ओसरीवर बसायचं आणि आठवडाभरातल्या तक्रारी काढायच्या. सेल उन्हात ठेवले तर खरंच पुन्हा जीव धरतात का, यावर आम्ही जेवढं भांडलो तेवढं सख्खे भाऊ शेतीच्या बांधावरून भांडत नसतील. माझी बायको या बैठकीला रेडिओचा दवाखाना म्हणायची. यशवंतचा सेट त्यानं स्वतः बांधलेला, चहाच्या खोक्याच्या फळ्यांत बसवलेला. शेलूबाजारहून येताना तो बसमध्ये मांडीवर घेऊन बसायचा, वर टॉवेल गुंडाळलेला. कंडक्टर म्हणे, "साहेब, लेकराचं हाफ तिकीट काढा." यशवंत तेवढ्याच गंभीरपणे उत्तर द्यायचा, "अजून दुधावर हाय तो."

या दवाखान्याला एकच नियम होता आणि तो यशवंतनं घालून दिलेला. झालं असं की बापूरावांनी एकदा तक्रार आणली. म्हणे रोज दिवेलागणीला त्यांचा रेडिओ भुणभुणतो आणि जेवायच्या वेळेला आपोआप बरा होतो. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. रफिकभाईनं तर रेडिओला दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळायला सांगितलं. बापूराव भडकून निघून गेले. पुढच्या रविवारी यशवंत परस्पर त्यांच्याकडे जाऊन बसला, भुणभुण सुरू होताच उठला आणि घराबाहेर पडून चालत राहिला. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. शेतावरून परतलेल्या बाया दळण घेऊन यायच्या वेळी ती सुरू व्हायची, आणि तिच्या मोटारीच्या ठिणग्या बापूरावांच्या रेडिओत भुणभुणायच्या. त्यानंतरच्या बैठकीत यशवंत आम्हाला म्हणाला, "आजपासून ज्याचा रेडिओ त्याचं म्हननं खरं मानाचं. सेटपाशी तो बसते, आपन नाई." बापूरावांनी त्या दिवशी सगळ्यांना भजी खाऊ घातली. कोणाच्याही तक्रारीवर हसायचं नाही, 'तुलेच तसं वाटते' असं म्हणायचं नाही, हा नियम आम्ही मग देवासारखा पाळला.

त्याची स्वतःची पद्धतही सांगायला हवी. तो एका वेळी एकच वस्तू बदलायचा. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि पुन्हा ऐकायचं. त्याच्या घरच्या सेटची खरखर त्यानं अशीच धरली. सेल बदलले, एरियलची तार बदलली, तरी खरखर होतीच. शेवटी तो अर्थिंगपाशी गेला. अर्थिंगच्या खड्ड्यात तार पुरून वर कोळसा आणि खडे मीठ घालावं लागतं, म्हणजे ओल टिकते. पाहतो तर त्यांची शेळी खड्डा उकरून मजेत मीठ चाटत उभी, आणि तार उपटून बाजूला पडलेली! त्याची मुलगी सुजाता तेव्हा लहान होती. ही गोष्ट तिनं कितीदा सांगितली असेल आणि आम्ही कितीदा ऐकली असेल. शेळी मीठ चाटायची ती नक्कल तर अशी करायची की यशवंत हसून हसून डोळे पुसायचा.

मग एका रविवारी यशवंत स्वतःच तक्रार घेऊन आला. "आवाज बसला माह्या सेटाचा," म्हणाला. मी सेट लावला. मला तर आवाज ठणठणीत वाटला. रफिकभाईनं माझ्याकडे पाहिलं, मी बापूरावांकडे. पण नियम तो नियम, आणि तोही त्याचाच. आम्ही कामाला लागलो. नवे सेल घातले. रफिकभाईनं आवाजाच्या बटनाची आतली पट्टी पेट्रोलनं पुसली. पुढच्या खेपेला अकोल्याहून नवा स्पीकर आणून बसवला. आता सेट असा गरजायला लागला की माझी बायको आतून ओरडली, "अवो, शेजारी काय म्हनतीन!" बापूरावांनी तर कानांवर हात ठेवले. "बढ गया ना आवाज?" रफिकभाईनं मोठ्या आशेनं विचारलं. यशवंत कान सेटाला लावून बसला होता. थोडा वेळ थांबून म्हणाला, "थोडासा." आम्ही तिघं शहाणे एकाच सेटाला कित्येक रविवार असे उघडत आणि मिटत राहिलो. समोरच्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ज्याला रस्त्यावरचा कोणीही ओळखेल तो फॉल्ट आम्हाला दिसूनही दिसला नाही.

शेवटी तोही त्यानंच शोधला, आपल्या पद्धतीनं. बापूरावांना म्हणाला, "तुमचा मोठा सेट लावा बरं." आम्ही बापूरावांच्या बैठकीत गेलो. व्हॉल्व्ह तापले, हिरवा दिवा उजळला, गाणं सुरू झालं. यशवंत खुर्चीवर ताठ बसून ऐकत होता. मग उठला, रेडिओ स्वतःच्या हातानं बंद केला आणि बंद केलेल्या रेडिओकडे पाहतच म्हणाला, "मास्तर, याचाबी आवाज बसला. दोन सेटाले एकसारखी बिमारी होत नाई. आपन एकच वस्तू बदलली नव्हती... ऐकनारा." बापूरावांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही.

अकोल्याच्या डॉक्टरनं तपासलं. कानाच्या आतलं बारीक हाड घट्ट होत चाललंय, ऑपरेशन होतं ते मुंबईला, आणि गुण येईलच असं नाही, असं त्यांनी सांगितलं. यशवंतनं मुंबई नको म्हटलं. आमच्याकडून मात्र शब्द घेतला. "ग्रामसेवकाचं कामच लोकाचं ऐकाचं. बहिरा ग्रामसेवक कोन ठेवीन? कोनाले सांगू नका. सुजातालेबी नाई." पुढे तो माणसांच्या ओठांकडे पाहून बोलणं उचलू लागला. अर्जदाराला उजेडात, समोर बसवायचा. लोक म्हणायचे, ग्रामसेवक मोठे मानानं वागवतात. समोरच्याचं त्याला कळत असे. पाठीमागून येणारं मात्र कळत नसे.

अशात सुजाताच्या शाळेतल्या काही मुलींना नागपूरच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात बोलवलं. बाई त्यांना घेऊन गेल्या, रेकॉर्डिंग झालं, आणि सुजाता तिथे शेळीची गोष्ट सांगून आली. तोवर यशवंतला मोठ्यानं लावलेला रेडिओही नुसता गुणगुणल्यासारखा ऐकू येत होता. ज्या माणसानं सगळ्या वाशीमचे रेडिओ बोलते केले, त्याला आपल्याच लेकीचा आवाज रेडिओवर ऐकू येणार नव्हता. तो मला म्हणाला, "मास्तर, बाकी काई नाई आलं ऐकू तरी चालते. हे एक आलं पाह्यजे." एवढं हट्टानं काही मागताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

उपाय निघाला तो रफिकभाईच्या गॅरेजातून. इंजिनात आवाज नेमका कुठून येतो ते पाहायला तो पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला लावायचा आणि लाकडी मूठ दातांत धरायचा. "इंजिनची बिमारी हड्डीनं ऐकू येते, भाई. कान तो सिर्फ दरवाजा है," म्हणाला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं शेलूबाजारला पोचलो. बापूराव यशवंतच्या घरी पहिल्यांदाच येत होते. वहिनींनी चहा दिला, तो त्यांनी घेतला, आणि आणखी अर्धा मागून घेतला. यशवंतनं सेटाची मागची फळी काढली, पेचकसाचं टोक स्पीकरच्या लोखंडी कडीला टेकवलं, आणि मूठ दातांत धरली. सुजाता आमच्यातच, त्याच्या समोर बसली होती. ती म्हणाली, "बाबा पेचकस काहून खाऊन राह्यले?" दात न उघडता तो म्हणाला, "गोड लागते." आम्ही हसलो, पण कोणाकडेच पाहायचं धाडस होत नव्हतं. मग त्यानं डोळे मिटले आणि रेडिओवर ती सुरू झाली. "आमच्या घरी एक शेळी हाय..." यशवंतचा चेहरा जागीच थांबला. शेळी मीठ चाटते तिथवर गोष्ट आली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मूठ दातांत तशीच, गालांवरून पाणी वाहतंय, आणि तो हसतोय. त्यानं ऐकलं होतं. सगळं, पहिल्या शब्दापासून. रफिकभाई पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. पेचकस त्यानं परत मागितला नाही.

रस्त्यावर मात्र दातांत धरायला काही नसतं. मागून येणारा ट्रक कोणत्या हाडानं ऐकायचा? वहिनी रोज सांगायच्या, सायकल सोडा. तो म्हणायचा, "कडेकडेनं जातो मी." त्या सकाळी कडेला रस्त्याच्या कामाची गिट्टी पडलेली होती, म्हणून तो जरा मधे आला होता. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला हे खरं आहे. माझा त्याच्यावर राग नाही. हॉर्न दिल्यावर माणूस बाजूला होतो, एवढंच त्याला माहीत होतं.

गेल्या रविवारी मी शेलूबाजारला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच रेडिओ ऐकू आला, एवढा मोठा लावलेला. घरात गेलो तर वहिनी भाजी निवडत होत्या, सुजाता पुस्तक घेऊन बसली होती आणि दोघींच्या मधे तो चहाच्या खोक्याचा सेट घर दणाणून सोडत होता. आवाजाचं बटन शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. याच वहिनी पूर्वी म्हणायच्या, कमी करा, गाव गोळा होईन. लिहिण्याची परवानगी त्यांनी त्याच दिवशी दिली. मग मी निघायला उठलो तेव्हा सेटाकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, याचा आवाज बसला वो. ते गेले तवापासून पहिल्यासारखा येतच नाई." माझे कान अक्षरशः बधिर झाले होते. पण सेटपाशी त्या बसतात, मी नाही. मी पुन्हा खाली बसलो आणि पेचकस मागितला. सुजातानं सेटाच्या मागूनच काढून दिला. लाकडी मुठीवर त्याच्या दातांच्या खुणा होत्या. मी बोटं त्या खुणांवर येऊ न देता मूठ धरली, मागची फळी काढली, सेल काढून पुसले, पुन्हा घातले, स्पीकरच्या तारा उगाचच हलवून पाहिल्या आणि फळी लावली. रेडिओ होता तसाच गरजत सुरू झाला. "आता?" मी विचारलं. वहिनींनी हातातली भाजी खाली ठेवली, कान सेटाला लावला. थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"थोडासा," म्हणाल्या.