दुसऱ्या टेबलाचा चार्ज

परभणीत वित्त विभागाच्या ज्या ऑफिसात मी आहे, तिथं आम्ही दिवसभर सरकारचा पैसा बघतो, असं लोकांना वाटतं. बघतो की. पण पैसा बघणाऱ्या माणसांनाही कुणीतरी बघावं लागतं. कुणाची बदली, कुणाची रजा, कुणाची मोडकी खुर्ची. हे सगळं आस्थापना शाखेत चालतं, आणि आमच्याकडं आस्थापना म्हणजे बबिताताई. मी आवक-जावकला, कनिष्ठ लिपिक. आलेला कागद घ्यायचा, जाणारा कागद नोंदवायचा. मधलं जे काय होतं ते ताईंच्या टेबलावर.

ताई पालमच्या. रोज एसटीनं यायच्या, एसटीनं जायच्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. घरी आई, केशरबाई. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेलेला. सकाळी ताई भरवून निघायच्या, त्यानंतर थेट संध्याकाळी. शेजारच्या चतुराबाई दुपारी ताट घेऊन जायच्या, पण केशरबाई भिंतीकडं तोंड करायच्या. "पोरगी आली की खाते," एवढंच म्हणायच्या. परभणीला चल म्हटलं तर नवऱ्यानं बांधलेलं घर सोडायला तयार नाहीत.

पालमला आमच्या खात्याचं छोटं ऑफिस आहे, ताईंच्या घरापासून चालत जाण्यासारखं. तिथली एक जागा रिकामी झाली आणि ताईंनी बदलीचा अर्ज केला. शिक्का मीच मारला.

"भाऊ, तिथं गेले की दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन आईला दोन घास भरवून येईन," म्हणाल्या. ताईंना हसताना मी फारदा पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः टिपणी लिहायची नाही. टिपणी लिहून आल्याशिवाय साहेब कशावरच सही करत नाहीत. म्हणून आस्थापनेच्या माणसाचं स्वतःचं काही असेल तर ते शेजारच्या दुसऱ्या टेबलावर जातं. पद्धत चांगली आहे, मला मान्य आहे. फक्त दुसऱ्या टेबलाचा माणूस निवृत्त होऊन गेलेला, नवा आलेला नाही, आणि त्या टेबलाचा जादा चार्ज बबिताताईंकडंच. ताईंचा अर्ज त्यांच्या एका टेबलावरून उठला आणि त्यांच्याच दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

मला आधी हसू आलं, मग राग आला. साहेबांकडं गेलो. साहेब वाईट माणूस नाही. "टिपणी येऊ द्या, लगेच सही करतो," म्हणाले.

"मग ते टेबल तेवढ्यापुरतं मला द्या."

"तुम्ही कनिष्ठ. नियमात बसत नाही."

बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांच्या डोक्यावर आधीच दुसऱ्याची टेबलं. जो तो मान खाली घालून कामाला लागला.

मी ताईंना म्हणालो, "ताई, लिहा की चार ओळी. कोण बघायलंय?"

"आपल्याच ऑफिसातल्या बन्सीधरनं त्याच्या रजेची टिपणी त्यानंच लिहिली व्हती, तवा मीच परत पाठवली. आता मी लिहिली तर त्याला काय तोंड दाखवू?"

"काय म्हणणार न्हाई तो. हसून सोडून देईल."

"म्हणूनच न्हाई लिहायची, भाऊ."

त्यांच्या या ताठपणाचा मला संताप यायचा, अजून येतो. त्या उन्हाळ्यात ताईंनी पूर्णेच्या एकीला आणि गंगाखेडच्या एकाला बदली करून आपापल्या घराजवळ आणून सोडलं. स्वतः एक रजा घेतली नाही. "आईचं जास्त झालं तर लागतील," म्हणायच्या. हळूहळू बोलणंच बंद झालं त्यांचं. यायच्या, कागद काढायच्या, जायच्या. आम्हालाही त्याची सवय झाली.

एके दिवशी भर दुपारी चतुराबाईंचा फोन आला. ताईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. न उघडलेला डबा पिशवीत टाकला. दोन्ही टेबलांच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "आई गेली. मी निघते." मी किल्ल्या उचलल्या.

ताई रजेवर, म्हणून दोन्ही टेबलांचा चार्ज अर्पिताकडं आला. माणूस रजेवर गेला की चार्ज कुणाला तरी द्यावाच लागतो, तिथं मान खाली घालून चालत नाही. अर्पिता नवी, पण हुद्द्यानं माझ्या वरची; चटपटीत पोरगी, पडून राहिलेला कागद तिला बघवत नाही. तिनं ताईंचा अर्ज काढला, टिपणी लिहिली, साहेबांनी बोलल्याप्रमाणं लगेच सही केली.

"लय दिवस पडून होता ओ. बरं केलं ना मी?" तिनं मला विचारलं.

"बरं केलं," मी म्हणालो. ताई एकदा तापानं जरी दोन दिवस घरी बसल्या असत्या तरी हेच झालं असतं. हे मी तिला सांगितलं नाही, ताईंनाही नाही. ताईंना ते कळलंच असणार.

ताई हजर झाल्या त्याच आठवड्यात वरून आदेश आला. पालमला बदली. कारण, आईची देखभाल. मी तो त्यांच्यापुढं ठेवला.

"रद्द करून घ्या, ताई. आता तिथं जाऊन काय करणार?"

"त्याला अर्ज करावा लागंल. तो दुसऱ्या टेबलावर जाईल." त्यांनी शेजारच्या टेबलाकडं पाहिलं. "ते परत माझ्याकडंच आलंय."

ताई पालमला रुजू झाल्या.

मधे कामानिमित्त मी तिकडं गेलो होतो. दुपारची सुट्टी झाली तशा ताई डबा घेऊन उठल्या. "चला भाऊ, घरी जाऊन येऊ." त्यांनी कुलूप काढलं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, वडील आणि आता केशरबाई. मला पाणी दिलं आणि खाटेच्या कडेला बसल्या, भरवायला बसायच्या तिथं. खाटेवरची गोधडी नीट घडी घातलेली. मला वाटलं आता डबा उघडतील. सुट्टी संपत आली तरी उघडेनात.

"ताई, जेवा की."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "संध्याकाळी खाते," म्हणाल्या.