बेटावरून आलेलं ‘येस’

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, शॉमबर्गमधल्या आमच्या ऑफिसात टेलेक्सवर एका शब्दाचं उत्तर आलं : ‘येस.’

ते पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या चिमुकल्या देशानं पाठवलं होतं. त्या देशाकडे सैन्य नव्हतं. अणुचाचणीबंदीच्या कराराला त्याची मदत म्हणजे एक भूकंपमापक, तो ठेवायला किनाऱ्यावरची एक खोली आणि तिथे रोज बसणारे एक निवृत्त शाळामास्तर.

जमिनीखाली किंवा समुद्राखाली अणुस्फोट केला, तर दूरवरची जमीनही किंचित हलते. भूकंपमापकाची सुई ती हालचाल कागदावर काढते. चोरून केलेला स्फोट असा पकडता येईल का, हे त्या वर्षी तपासलं जात होतं. नोंदी वाचणं हे माझं काम. जागा नक्की करायला आम्हाला तीन केंद्रांच्या नोंदी लागत. सोमवारी दोन केंद्रांवर एक बारीक धक्का दिसला. तिसरं केंद्र बेटावरचं. धक्का तिथे कधी पोहोचला असता, ते मी काढलं आणि टेलेक्स केला : ‘०९:१४ ते ०९:१८ तुम्हाला काही दिसलं नाही?’

बॉस वॉल्टर उत्तर वाचून खुर्चीतून उठला.

“तीन झाली. ‘संशयित स्फोट’ असा रिपोर्ट टाईप कर. पाच वाजता वॉशिंग्टनला जाईल.”

करार नको असलेल्यांना ‘बघा, चोरून स्फोट होतातच’ म्हणायला कारण मिळणार होतं. आणि साक्षीदार ठरणार होता करारासाठी खोली देणारा देश.

“थांब,” मी म्हणालो. “हा येस म्हणजे नो असेल.”

“तुला डिग्री कुणी दिली?”

शेजारच्या टेबलावर नागपूरची कुंदा प्रोग्रॅमिंग करत होती. मी इंग्रजीतच विचारलं, “कुंदा, तू जेवली नाहीस?”

“येस यार, वेळच कुठे मिळाला!” तिनं भरलेला डबा उघडला.

वॉल्टर डब्याकडे पाहत राहिला. “मग येस का म्हणालीस?”

“म्हणजे हो, नाही जेवले.”

मराठीत आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला ‘हो’ म्हणतो. बेटावरची भाषाही तशीच असू शकत होती. चूक माझी होती. प्रश्न मी मराठीत विचार करून लिहिला होता.

वॉल्टरनं रिपोर्ट अडवला. मी दुसरा टेलेक्स केला : ‘धक्का नोंदला असेल तर “नोंदला” लिहा. नसेल तर “नाही”.’

तासाभरात उत्तर आलं : ‘नाही. समुद्रही नाही. कागद पाठवतो.’

“समुद्रही नाही म्हणजे काय रे?” कुंदानं विचारलं.

किनाऱ्यावर लाटा आदळतात, त्यानं जमीन सतत थरथरते. त्यामुळे बेटावरच्या सुईची रेषा कधीच सरळ येत नाही. हे मी तिला सांगितलं.

कागद अकरा दिवसांनी आला. ०९:१४ पर्यंत लाटांचा थरथराट होता. मग चार मिनिटं पट्टीनं आखावी तशी रेषा. ०९:१८ला पुन्हा लाटा.

“वीज गेली असेल,” वॉल्टर म्हणाला.

सरळ रेषेवर घड्याळाच्या मिनिटामिनिटाच्या खुणा होत्या. वीज होती.

“मग सुई अडकली असेल.”

उपकरण दोनदा तपासून घेतलं. दोष सापडला नाही.

समासात मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘मी इथेच बसलो होतो. खिडकी उघडी होती. लाटांचा आवाजही आला नाही.’

वॉल्टरनं समास दोनदा वाचला. रिपोर्टमध्ये बेटाच्या रकान्यात त्यानं ‘धक्का नाही’ एवढंच टाईप करायला सांगितलं. ‘संशयित स्फोट’ हे शब्द काढले. बेटाचं केंद्र यादीत राहिलं.

त्यानंतर मी टेलेक्सवर नकारार्थी प्रश्न पाठवला नाही. त्या केंद्राचे पुढच्या चार वर्षांचे सगळे कागद मी वाचले. सरळ रेषा पुन्हा आली नाही.