वत्सलाबाईंच्या निऱ्या

वत्सलाबाई रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. शेजारच्या निडी स्टेशनात दिवसभरात गाड्या थांबतात त्याहून जास्त स्थळं त्यांच्या दारी थांबली असतील, पण बाई एकीतही चढल्या नाहीत. का, याची चर्चा मी, त्यांच्याच शाळेतला शिक्षक, अजून चवीने करतो. त्यांचा जीव जडला होता तो तंतुकणिकेवर. शहाणे तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपल्या पेशीतली ऊर्जेची भट्टी.

निवृत्तीआधीचा शेवटचा तास त्यांनी तिच्यासाठीच राखला होता. मुख्याध्यापक मोरोपंत म्हणाले, "पडद्यावर चित्र दाखवा की!"

"चित्रात पोरांना हात घालता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि हमरापूरच्या केरू मूर्तिकाराला शाडूची तंतुकणिका सांगितली. कलिंगडाएवढी, दोन फाकांची, बाहेरून गुळगुळीत, आत घड्याच घड्या.

आदल्या दिवशी मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो. केरूने ऐटीत फडकं ओढलं. बाहेरून झकास गुलाबी. आतून मात्र वाटीसारखी सपाट!

"केरू, आतल्या घड्या कुठायत रे?"

"त्या व्हय? मला वाटलं साच्यातून काढताना सुरकुत्या पडल्या. शाडू भरून घासून टाकल्या. हात फिरवा, खरखर लागते का बघा!"

"अरे मेल्या, सगळं काम त्या घड्यांतच चालतं!"

केरूचा चेहरा उतरला. "सुरकुतीवाला गणपती कोण नेतो, बाई?"

नवीन करावी तर शाडू सुकायलाच चार दिवस जाणार. बाई पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "आता मोरोपंतांचा पडदाच." त्यांनी असं पाहिलं की मी सरळ गाडीकडे निघालो.

पण बाईंची नजर रंग देणाऱ्या शांतीवर गेली. केरूची बायको, नऊवारीच्या निऱ्या कमरेत घट्ट खोचलेल्या.

"शांते, एखादं जुनं लुगडं देतेस गो?"

"तुम्ही नेसणार? तुम्हाला दहावार लागेल, बाई!"

दुसऱ्या दिवशी वर्गात दिशा नावाच्या मुलीने गुलाबी फाकेत हात घालून बाईंनी आत बसवलेल्या लुगड्याचा पदर ओढला. लुगडं येतच राहिलं. वर्ग खदखदला.

"एवढं एवढ्यात मावलं कसं?" बाईंनी विचारलं.

"घड्या घालून!"

"तसंच आतलं आवरण. ऊर्जेची यंत्रं त्याच्यावर बसतात. घड्या जास्त तर जागा जास्त, यंत्रं जास्त. रात्रंदिवस धडधडणाऱ्या हृदयाच्या पेशींत म्हणून त्या दाट. अन्नातल्या ऊर्जेवर हे आवरण बारीक भारित कण दोन आवरणांमधल्या फटीत ढकलतं. फट चिंचोळी, म्हणून लगेच दाटी होते. मग खारबंदीच्या उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, पाणी सुटावं तसे ते यंत्रांतून आत धावतात, यंत्रं फिरतात आणि एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं. त्यावर तुम्ही आत्ता खिदळताय."

मागच्या बाकावर बसलेला केरू पुटपुटला, "म्हणजे माझ्या घासकामाने पेशीचा कारखानाच बंद पडला असता!"

बाई आता पुण्याला भाचीकडे असतात. शांती दर गणपतीत मला विचारते, "माझं लुगडं कधी आणताय?" आणि केरू? नवीन काही साच्यातून निघालं की आधी गिऱ्हाइकाला फोन करतो, "सुरकुती ठेवू की घासू?"

लुगडं शाळेच्या कपाटातच आहे. दर वर्षी पोरं ते ओढून काढतात. परत घड्या घालायला बाईंचा हात नाही, म्हणून निम्मं फाकेबाहेर लोंबत राहतं.