झालंबुवांची सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे झालंबुवा म्हणत. नाव उगीच पडलं नव्हतं. ‘मोटर बदललीस का?’ विचारलं की हा म्हणायचा, ‘बदलून झाली.’ ‘जेवलास का?’ ‘जेवण झालं.’ ‘मी’ हा शब्द त्याने चौदा वर्षांपूर्वी टाकला होता, लोक तंबाखू सोडतात तसा. तंबाखू सोडलेला माणूस निदान चार दिवस चिडचिड तरी करतो. हा पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून प्रसन्न होता.

याचं मूळ रविवारच्या चिंतनवर्गात. वर्ग घेणारे निवृत्त मास्तर एकदा म्हणाले, ‘सगळं दुःख मीपणातून येतं. आठवडाभर “मी” न म्हणता राहून बघा.’ बाकीच्यांनी दोन दिवस गंमत केली आणि दिलं सोडून. हा मात्र हट्टाला पेटला. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. वर्गात त्याला पुढची खुर्ची मिळू लागली. मास्तर नव्या माणसांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे, ‘यांनी करून दाखवलं.’ तेव्हा तो मान खाली घालायचा, आणि खाली घातलेली मान सगळ्यांना दिसतेय ना, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायचा. तोंडातला ‘मी’ गेला खरा. तो गेला कुठे, याची चौकशी त्याने कधी केली नाही.

पुढे सहीसुद्धा सुटली. प्रत्येक दुरुस्तीनंतर कामाचा कागद भरायचा असतो: काय बिघडलं, काय केलं, कोणी केलं. ‘नावात काय ठेवलंय,’ म्हणत त्याने तो कागद मेहुण्याकडे सरकवायला सुरुवात केली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीचा गडी, याच्याच जोडीने कामाला. त्याचं सगळं उलटं. ‘मी नसतो तर ती इमारत आज जिने चढत असती,’ ‘मी नुसता आवाज ऐकून सांगितलं, बेअरिंग गेलं.’ घरी साधा बल्ब बदलला तरी आठ दिवस ऐकवायचा. सही करायला तर त्याला भारीच आवडायचं. दोन रेघा मारून खाली टिंब द्यायचा. झालंबुवाला त्याची कीव यायची. ‘किती हा मीपणा,’ तो बायकोला म्हणायचा. ती म्हणायची, ‘असू दे. मनाने साफ आहे तो.’

लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, कारण प्रत्येक मजल्याच्या दारात एक स्विच असतो. तपासणीपुरता तो स्विच वगळायचा असेल तर वर पॅनेलमध्ये दोन टोकांना वीतभर तार जोडतात. काम संपलं की आधी ती तार काढायची, मग बाकीचं. झालंबुवाची तार लाल होती. काम नसेल तेव्हा तो ती आपल्या पकडीच्या मुठीला गुंडाळून ठेवायचा.

एका सहा मजली कचेरीत दोघांनी दुपारी काम संपवलं. वर मशीनच्या खोलीत झालंबुवा होता, खाली मेहुणा. कागदावर सही मेहुण्याने केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसणारी बाई बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरत होती. दार उघडं, तिचा एक पाय आत, एक बाहेर, आणि लिफ्ट वर निघाली. बाई वाचली. तिचा पाय गुडघ्यापासून गेला.

फोन आला तेव्हा दोघं दुसऱ्या कामावर निघाले होते. झालंबुवाने पिशवी उघडली. पकडीची मूठ उघडी होती, तार नव्हती. त्याने पिशवी बंद केली आणि दीर्घ श्वास घेतला, वर्गात शिकवला होता तसा.

चार दिवसांनी कंपनीच्या वरच्या खोलीत चौकशी झाली. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लाल तार. अशी तार सगळेच वापरत, त्यामुळे तिच्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. साहेबांनी झालंबुवाला विचारलं, ‘ही कोणाकडून राहिली?’

‘राहून गेली, साहेब.’

‘कोणाकडून?’

शेजारच्या खुर्चीवरून मेहुणा त्याच्याकडे बघत होता. झालंबुवाच्या जिभेवर तो एकाक्षरी शब्द आला, दातांपर्यंत आला. आणि तिथे चौदा वर्षं आडवी आली. ‘करणारा कोण, हे कोणाला सांगता येतं, साहेब? घडायचं ते घडतं.’

साहेब वैतागले. त्यांनी कामाचा कागद पुढे ओढला. ‘ही सही कोणाची?’

‘माझी,’ मेहुणा म्हणाला. ‘सगळ्या सह्या मीच करतो.’

साहेबांनी ते लिहून घेतलं. विषय संपला.

रविवारी वर्गात झालंबुवाने सांगितलं, ‘एवढं वादळ आलं, पण आत लाट उठली नाही.’ मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली. राग येतो हे सांगताना, पण खरं आहे ते: त्या दिवशी तो घरी आला तो फार समाधानात आला. आपली प्रगती झाली, असं त्याला वाटलं.

मेहुण्याचं लायसन गेलं. खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली. तो आत असतानाच त्याची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. सुटल्यावर बहीण त्याला आपल्या घरी घेऊन आली. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून तो बसून राहायचा. केस पांढरे झाले होते, खांदे पडले होते. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

एकदा स्वयंपाकघरातला मिक्सर बंद पडला. बहीण बाजारातून आली तर तो चालू. तिला बरं वाटलं. आता हा आठ दिवस ऐकवणार, या आशेने तिने मुद्दाम विचारलं, ‘कोणी रे दुरुस्त केला?’

‘झाला दुरुस्त,’ मेहुणा म्हणाला.

‘आणि जेवलास का?’

‘जेवण झालं.’

बहीण हातातली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. मग वळून तिने नवऱ्याकडे बघितलं. झालंबुवा टेबलाशी पेपर वाचत बसला होता. आपलाच शब्द त्या तोंडून ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं या शब्दाचं कौतुक करून घेतलं होतं. समोरचा माणूस तो कुठल्या वर्गात शिकला नव्हता. त्याचा ‘मी’ कोणीतरी काढून घेतला होता, आणि काढून घेणारा इथे पेपर वाचत होता.

‘तार...’ झालंबुवा म्हणाला. ‘ती तार मी विसरलो होतो.’

मेहुण्याने मान वर केली नाही. ‘माहीत आहे, भावोजी. त्या सकाळी पिशवी तुम्ही उघडलीत तेव्हा शेजारीच होतो. मूठ दिसली.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुम्ही बोलाल असं वाटलं. साहेबांनी विचारलं तेव्हा वाट बघितली. पुढे वकीलही विचारत होता. म्हटलं, ताईचा संसार आहे.’

झालंबुवाला रडू आलं, आणि रडतारडताच त्याच्या लक्षात आलं की एवढं सांगून टाकल्यावर आपल्याला हलकं वाटतंय. तो हलकेपणा ओळखीचा होता. चौकशीनंतरच्या रविवारी वर्गातून घरी येताना तो असाच होता. त्याला स्वतःची किळस आली.

बायकोने पिशवी खाली ठेवली. कपाटातून वही काढली, एक पान फाडून पेनासकट त्याच्यापुढे ठेवलं. ‘लिहा.’

त्याने लिहिलं. तिने पान उचलून वाचलं. ‘“तार काढायची राहून गेली.” कोणाकडून?’ तिने ती ओळ खोडली. ‘“मी विसरलो” लिहा. आणि “मला माहीत असून मी गप्प बसलो” तेही लिहा. प्रत्येक ओळीत “मी” यायला पाहिजे.’

‘नोकरी जाईल. मलाही आत टाकतील.’

‘टाकू देत.’

तो लिहीत गेला. पानभर ‘मी’ झाले. शेवटी सही करायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. आपली सही कशी होती, हे त्याला आठवेना. शेवटी त्याने पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढून नाव लिहिलं. बायकोने पान घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

‘उद्या कंपनीत, मग पोलिसांत. मी बरोबर येणार. तुमच्यावर सोडलं तर वाटेत तुमचा “मी” परत गायब व्हायचा,’ ती म्हणाली. ‘पण आधी त्या बाईकडे. कुठे राहते ती?’

अडीच वर्षांत झालंबुवाने साधं नावही विचारलं नव्हतं तिचं.

‘मला माहीत आहे,’ मेहुणा म्हणाला. ‘सुटल्यावर मी दोनदा जाऊन आलोय.’