कोरडं कपाळ

"पाह्यलं कोनं?" असं म्हणून मास्तर माझ्या कॉम्प्युटरवर चष्म्याची काडी टेकवायचे. मग ते वाक्य गेलंच म्हणून समजा.

बोरगाव मेघेत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. देशभरातल्या बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळ्यांच्या संघाचा इतिहास निघणार होता आणि वर्धेकडचं प्रकरण लिहायला या निवृत्त शाळामास्तरांना सांगितलं होतं. आले की ते सलाम म्हणायचे, मी जयभीम म्हणायची आणि मग दोन तास आमची खडाजंगी.

संघाच्या कचेरीतून आलेल्या मजकुरात होतं, पहिल्या सभेला जनसागर लोटला. मास्तरांनी ते खोडलं. मंडप रिकामा दिसू नये म्हणून आचाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवलं होतं, हे त्यांच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तेच लिहायला लावलं. मिशनचे गोरे साहेब गेल्यावर या विखुरलेल्या मंडळ्यांनी आपलं आपण चालवायचं ठरवलं. वर बिशप नाही, हुकूम देणारा कोणी नाही. कुठल्या गावी भेटायचं यावरून वर्षानुवर्षं भांडले, पण एकमेकांना सोडलं नाही. हे सांगताना म्हातारा असा काही फुलायचा, तुम्ही पाहायला हवं होतं. मला, बौद्धाच्या लेकीला, उगाच अभिमान वाटायचा.

प्रकरणाच्या शेवटी इथं बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादी होती. जुनी वही वाळवीनं खाल्लेली, म्हणून मास्तर प्रत्येक नावाला साक्षीदार शोधत होते. त्यात एक नंबर रिकामा. मी रोज विचारायची, ते रोज "राहू दे" म्हणायचे. पाठवायचा दिवस जवळ आला तशी मी वैतागले. म्हटलं, असा भोकाचा कागद मी पाठवणार नाही, लोक मला येडी म्हणतील.

तेव्हा कळलं, तो नंबर त्यांचाच होता.

यांच्यात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. समज आल्यावर, स्वतःच्या मनानं, अख्ख्या माणसाला पाण्याखाली जावं लागतं. संघ उभा आहे तोच या नेमावर. मास्तर तेरा-चौदाचे असताना ऐन उन्हाळ्यात एका शेतातल्या टाक्यात हा विधी झाला. पाणी जेमतेम मांडीइतकं. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना उताणं केलं, नाकातोंडात पाणी गेलं, पण कपाळावर ऊन लागत होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं. आणि मग पाळकांनी कपाळावर फाडकन चापट दिली. आपण विधी बिघडवला म्हणून मार बसला, असं त्या पोरानं मनाशी धरलं आणि पुढं जन्मभर कोणाला सांगितलं नाही.

"मी कोरडाच राह्यलो, पोरी," ते म्हणाले. "अन् तसाच साठ वर्सं भाकर घेत राह्यलो."

प्रभुभोजनाची भाकर. यादी हाती घेतल्यापासून ती त्यांनी सोडली होती. ताट आलं की शेजाऱ्याकडे सरकवायचे. मी म्हटलं, मग आता मारा बुडी, त्यात काय एवढं? तर म्हणाले, मग आजवरचं सारं खोटं होतं म्हणा लागन.

मग मी त्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवलं.

"पण मास्तर, पाह्यलं कोनं?"

त्यांनी यादीतल्या एका नावावर चष्म्याची काडी टेकवली. त्याच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली, तेव्हा नवी नवरी असलेली एक बाई आता कारंजाला लेकाकडे राहत होती. दुसऱ्यांच्या नावांसाठी मास्तर तिच्याकडे दोनदा जाऊन आलेले. स्वतःचं विचारायची छाती झाली नव्हती. सकाळी मी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना एसटीत बसवलं.

लेकाचा ढाबा हायवेवर, घर त्याच्या मागे. बाईला ऐकू कमी, त्यात ट्रकची वर्दळ. जन्मभर ज्याचा ब्र काढला नाही ते मास्तरांना गळा फाडून सांगावं लागलं. ढाब्यावरचे ड्रायव्हरही वळून बघायला लागले.

"कपाळ तं वरच राह्यलं होतं तुयं," बाई म्हणाली. मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणून तं पाळकानं हात ठेवून दाबलं तुले. चापट काह्यची? सारा डुबला तू. वर आला तं रडून राह्यला होता. म्या पदरानं कपाळ पुसलं तुयं. कोरडं कपाळ कोनी पुसते काय?"

मास्तर खाटेवर बसून हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून दोन प्लेट भजी खाल्ली आणि वर्धा येईपर्यंत घोरत राहिले. इतकं हलकं झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करायच्या आत दारात उभे.

"लेह माह्यं नाव," म्हणाले.

त्या रविवारी उपासनेहून थेट दुकानात आले. "घेतली," एवढंच बोलले आणि माझ्या डब्यातली पोळीही खाऊन गेले.

पुस्तक छापून आलेलं त्यांनी पाहिलं. गेल्या हिवाळ्यात गेले. मातीच्या दिवशी कारंजाची बाई लेकाचा हात धरून आली. पेटीजवळ वाकली, पदर हातात घेतला आणि मास्तरांचं कपाळ पुसलं. कपाळ कोरडंच होतं. लोकांना वाटलं, म्हातारपणी भ्रम झाला असेल.

पाह्यलं म्या. म्हणून लिहिलं.