डॅशबोर्डातली सुपारी

इंग्लंड खालून पाहिलेला माझ्या माहितीतला एकमेव मराठी माणूस म्हणजे आमचे साडू. बाकीचे लोक इथे येतात, किल्ले बघतात, तळी बघतात, राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढतात. साडू कितीतरी वर्षं नॉटिंगहॅममध्ये आहेत आणि त्यातले बहुतेक शनिवार त्यांनी स्वतःच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर, एका विटक्या योगा मॅटवर उताणं पडून, एका छोट्या डिझेल हॅचबॅकच्या पोटाकडे बघत घालवले आहेत. आमची पहिली भेटही तशीच झाली. लग्नानंतर बायको मला पहिल्यांदा मोठ्या बहिणीकडे घेऊन गेली, तेव्हा दारात आधी दोन बूट दिसले. घरातलं वडील माणूस म्हणून मी नव्या जावयाच्या भाबडेपणानं त्या बुटांना वाकून नमस्कार केला. गाडीखालून नागपुरी आवाज आला, "वाकलाच आहेस तर तो पाना दे." मी दिलेला पाना चुकीचा निघाला. आमचं नातं तेव्हापासून त्याच पायावर भक्कम उभं आहे.

साडू तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात औषधं देणारे फार्मासिस्ट. कामावर अतिशय शिस्तीचे, आणि ती शिस्त संध्याकाळी घरी येताना गाडीसाठी बरोबर घेऊन यायचे. म्हाताऱ्या लोकांच्या गोळ्या ठेवायला वारांची नावं लिहिलेल्या खणांची डबी मिळते, तसल्या डब्यांत त्यांचे स्क्रू असत. सगळ्यात बारके सोमवारात, मोठे रविवारात. "बुधवारातला एक दे" असं गाडीखालून फर्मान आलं की आपण बुधवारातलाच द्यायचा, गुरुवारातला दिला तर हात तसाच बाहेर थांबून राही. इंजिनाचं तेल ते बोटावर घेऊन चोळत, वास घेत आणि आमटी अजून दोन दिवस टिकेल अशा सुरात निकाल सांगत. इंजिनाची तब्येत ऐकायला त्यांच्याकडे लाटणं होतं. त्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. रस्त्यानं जाणारी गोरी मंडळी आधी थबकायची, मग सवयीनं हात हलवून पुढे जायची. घरात अर्थातच दोन लाटणी होती, एक इंजिनाचं आणि एक पोळ्यांचं. एकदा मी पाहुण्यानं काहीतरी मदत करावी म्हणून इंजिनाचं लाटणं स्वच्छ पुसून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. त्या रात्रीच्या पोळ्या साडूंना फार आवडल्या.

गाडी विकत घेतली तेव्हा ती इतरांच्या गाड्यांसारखीच होती, आणि हे साडूंना मुळीच खपलं नाही. भंगारवाल्याकडून त्यांनी एका श्रीमंत गाडीच्या गरम होणाऱ्या सीटा आणून बसवल्या. त्यातली डावीकडची एकदा तापायला लागली की इंजिन बंद करेपर्यंत थांबायची नाही. नागपूरहून येताना त्यांनी ट्रकचा हॉर्न आणला होता, तो बसवला, आणि मग लक्षात आलं की या देशात हॉर्न कोणी वाजवत नाही. तो त्यांनी रस्त्यावर एकदाच वाजवला, कालव्याजवळ वाटेत बसलेल्या हंसांच्या जोडीवर. हंस हलले नाहीत. पण सगळ्यात अभिमानाची वस्तू म्हणजे हवेचा पाइप. इंजिनाला मिळते ती हवा शिळी असते असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून त्यांनी जुन्या हूवरचा, म्हणजे घर झाडायच्या व्हॅक्यूमचा, पाइप कापून त्याचं एक तोंड गाडीच्या पुढच्या जाळीमागे आणि दुसरं थेट एअर फिल्टरच्या डब्यात सोडलं होतं. "तिला समोरून वारा घेऊ दे," ते म्हणायचे. गाडी त्यानं किती सुधारली ते मला कळलं नाही. मात्र पाइप गेल्यापासून घरातल्या पायऱ्या झाडूनं झाडाव्या लागत.

यात मी काय करायचो, तर बॅटरी धरायचो. ब्रॅकनेलच्या माझ्या ऑफिसात मी बऱ्यापैकी हुशार समजला जातो. साडूंच्या गाडीखाली मी धरलेला उजेड मात्र कधीही हव्या त्या जागी पडला नाही. एकतर तो त्यांच्या डोळ्यांत पडे, नाहीतर शेजाऱ्यांच्या मांजरावर.

माझी मेव्हणी, म्हणजे ताई, शाळेत गणित शिकवते आणि घरातही तोंडी गणितासारखंच बोलते, थोडक्यात आणि शेवटी उत्तर. गाडीशी तिचं भांडण नव्हतं. गाडी खर्चिक आहे, धूर सोडते, शेजारी काय म्हणतील, यातलं एकही वाक्य तिनं कधी काढलं नाही. एका वर्षी जेवताना ती एवढंच म्हणाली, "मला शनिवार हवाय." मग तिनं अट मांडली. इथे जुन्या गाडीला दरवर्षी एमओटीची तपासणी पास व्हावी लागते. यंदा गाडी एकदा जरी नापास झाली तरी ती जाईल, ड्राइव्हवेवर विजेची गाडी येईल आणि शनिवार तिचा होईल. साडूंच्या हातातली गाडी आजवर कधी नापास झाली नव्हती. त्यांनी भात कालवत कालवत अट मान्य केली. तो आत्मविश्वास मी जवळून पाहिला आहे, म्हणून पुढे जे झालं ते जास्तच लक्षात राहिलं.

तपासणी आली नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही सणाला तिकडेच होतो. अट आपल्या जागी आणि रीत आपल्या जागी, त्यामुळे ताईनं गाडीच्या पूजेची सगळी तयारी केली. उन्हाळाभर कुंड्यांत वाढवलेला झेंडू तोडून तिनं स्वतः माळ ओवली, आणि ती चांगली मनगटाएवढी जाड झाली. डॅशबोर्डवर तांदळाची छोटी रास घालून त्यावर हळद लावलेली सुपारी बसवली, गणपती म्हणून. माळ बांधायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात आमच्या वाहनांना माळा दुकानासमोरचा पोरगा बांधून द्यायचा, म्हणजे अनुभव शून्य. पण बॅटरी धरण्यापलीकडचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या जाळीला, अगदी मधोमध, तारेनं घट्ट आवळून माळ बांधली. ताई म्हणाली, छान दिसतेय. साडूंनीही मान हलवली. त्या जाळीमागे हूवरचं तोंड आहे हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

सकाळी पाऊस होता. साडू माळ सोडवायला वाकले, तर मीच त्यांना थांबवलं. माळ वाळेपर्यंत काढत नाहीत, असं मी आमच्या घराण्याचा हवाला देऊन सांगितलं. आमच्या घराण्यात असं काही आहे की नाही ते मला आजही माहीत नाही. तपासणीआधी डिझेल गाडी मोठ्या रस्त्यावर जोरात पळवावी, म्हणजे नळीतली काजळी उडून जाते आणि धुराच्या चाचणीला इंजिन स्वच्छ निघतं, असा त्यांचा नेम. त्याप्रमाणे आम्ही एमवन महामार्गावर निघालो. मी तापत जाणाऱ्या सीटवर एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर बसत होतो. पहिल्याच डाव्या वळणावर गणपतीची सुपारी घरंगळली आणि काचेखालच्या फटीतून डॅशबोर्डात नाहीशी झाली. गाडी भरधाव जात होती, समोरून वारा घेत होती. तपासणीच्या गॅरेजशी उतरलो तेव्हा जाळीवर नुसता ओला दोरा उरला होता. फुलं वाटेत उडाली असतील, असं मी म्हणालो.

तपासणी करणारा माणूस आडदांड, शांत, बिस्किट खाणारा. ब्रेक, दिवे, टायर सगळं झालं. मग त्यानं मागच्या नळीत आपलं यंत्र खोचलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. जो धूर आला तो काळा म्हणजे अमावास्येचा काळा. आदल्या दिवशी रावण जाळायचा राहून गेला होता, तो तिथे जळला. त्या माणसानं बिस्किट बाजूला ठेवून पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तो साडूंकडे बघून हळूच मान हलवत काहीतरी समजुतीचं बोलला. मी साडूंना गप्प बसलेलं अनेकदा पाहिलं होतं, पण ते गाडीखाली. उभं राहून गप्प झालेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "तिला फोन तू कर."

मी फोन केला. ताई "येते" म्हणाली. तोवर साडूंनी गाडी बाहेर काढली, बॉनेट उघडलं आणि सवयीनं फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं. आत फुलबाजार होता. माळेतला बहुतेक झेंडू पाइपमधून जाऊन फिल्टरला ओला चिकटून बसला होता. बिचाऱ्या इंजिनाला डिझेल मिळत होतं, पण श्वास घ्यायला जागाच नव्हती. साडूंनी एक फूल दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिलं.

"काहून बापा," ते म्हणाले, "पूजा बाहेरून करतात ना?"

ताई टॅक्सीनं आली. तिनं गाडी बघितली, आम्हाला बघितलं, मग डब्यात हात घालून मूठभर पाकळ्या काढल्या. मी घाईघाईनं माझी बाजू मांडायला लागलो, तिनं हातानंच थांबवलं. साडू दुसरीकडे बघत होते. माणूस निकालाची वाट पाहताना जसा बघतो तसे. ताई बराच वेळ पाकळ्यांकडे बघत राहिली. तिला हवा असलेला शनिवार तिच्या मुठीत होता.

"फुलं माझी आहेत," ती म्हणाली. "हे धरायचं नाही. गाडी पास होती, पूजा नापास झाली."

फिल्टर झटकला, पाइप गदागदा हलवला, आणि दुपारी गाडी पास झाली. त्या आडदांड माणसानं फिल्टरमधून आजवर उंदराची घरटी काढली होती, एकदा पायमोजाही काढला होता. फुलं त्याला नवीन होती. त्यानं अदबीनं विचारलं की ही गाडी अंत्ययात्रेला वापरता का. साडू म्हणाले, अजून नाही.

सुपारी मात्र आतच राहिली. डावीकडे वळलं की डॅशबोर्डात खुळखुळायची. कुठल्याही गाडीत कुठलाही आवाज सहन न करणाऱ्या या माणसानं ती काढायला पाने काढले, तर ताई म्हणाली, "राहू दे, बसलाय तो." पाने परत गेले. साडूंनी दुरुस्त न केलेला गाडीतला तो एकमेव आवाज.

पुढे गाडी नापास झाली ती फुलांनी नाही, गंजानं. त्याच माणसानं साडूंना खाली बोलावून दारांखालचा पत्रा दाखवला. वेल्डिंग करायला पत्रा लागतो, आणि इथे तर पत्राच उरला नव्हता. ते साडूंना त्याच्या आधीच कळलेलं असणार. इतकी वर्षं ती बाजू त्यांच्याइतकी कोणी पाहिली होती? ताईनं अटीची आठवण काढली नाही. शेवटच्या शनिवारी साडूंनी आख्खा डॅशबोर्ड सोडवला. मी बॅटरी धरली, आणि त्या दिवशी उजेड कसा कोण जाणे बरोबर जागी पडला. त्यांनी सुपारी काढली, शर्टाला पुसली, खिशात टाकली, आणि भंगारात जाणाऱ्या गाडीचा डॅशबोर्ड पुन्हा नीट बसवला, बुधवारातले स्क्रू बुधवारातल्या जागी. न्यायला ट्रक आला तेव्हा ताई दाराच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "तो हॉर्न एकदा वाजवा ना." त्यांनी वाजवला. समोरच्या दोन घरांतले पडदे हलले.

आता ड्राइव्हवेवर विजेची गाडी असते. चांगली आहे, आवाज करत नाही. तिचं बॉनेट उघडलं की आत काळं झाकण दिसतं, आणि ते न उघडण्याची सूचना. साडू शनिवारी काचा पुसायचं पाणी भरतात, जरा उभे राहतात आणि बॉनेट लावतात. मग दोघं रोपवाटिकेत जातात. ताईला शनिवार मिळाला, पण ती अधूनमधून माझ्या बायकोला फोनवर सांगते की हे दिवसभर घरात फिरत असतात, दारं उघडून बिजागऱ्या ऐकतात.

गेल्या महिन्यात तिकडून परतताना माझ्याच गाडीत काहीतरी वाजायला लागलं. डाव्या वळणाला खुळखुळ, उजवीकडे गप्प. घरी आल्यावर मी स्वतः शोधायचं ठरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गाडीत काहीतरी सापडलं. समोरच्या खणाच्या मागच्या फटीत एक सुपारी होती, कडांना अजून पिवळी. बायकोनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली. मी ती होती तिथे ठेवून दिली आणि फोन लावला.

"साडूभाऊ, माझ्या गाडीत काहीतरी वाजून राहिलंय."

त्यांनी विचारलं, "डावीकडे वळताना?"

"हो."

"शनिवारी घेऊन ये. आणि तू उघडून पाहू नको, बापा. तुझ्यानं व्हायचं नाही." ते अजून काही सांगत होते, एका दिवसात होईल असं वाटत नाही, दोन-तीन शनिवार लागतील वगैरे. मागून ताईचा आवाज येत होता. योगा मॅट शेडमध्ये आहे की माळ्यावर, असं ती विचारत होती.