रेमंडच्या कॅमेऱ्यातली रेघ

रेमंडने कॅमेऱ्याची बॅग माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हिच्यासमोरच तपास. मागाहून कोणी काही बोलायला नको."

ही म्हणजे वैशाली. ती बाजूला अवघडून उभी होती. रेमंड अंकलचा कॅमेरा तपासून घ्यायचा, हेच तिला बरं वाटत नव्हतं.

डिजिटल कॅमेरे आपल्याकडे नुकते रुळत होते, तेव्हाची ही गोष्ट. वसई पश्चिमेला माझं कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान होतं. रेमंड राजोडीचा, लग्नाचे फोटो काढणारा, माझा जुना दोस्त. वैशालीच्या ताईच्या लग्नात फोटो त्यानेच काढले होते. त्या दिवशी ही पोरगी जेवणसुद्धा विसरून त्याच्या मागे फिरत होती. पुढे ती फोटोग्राफीच शिकली. आता स्टुडिओतली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं. गोखिवऱ्याच्या एका नळाच्या कारखान्याने तिला कॅटलॉगचं काम दिलं होतं. चकचकीत नळ, मागे पांढरं बॅकग्राउंड. हे नीट झालं तर आजूबाजूच्या गाळ्यांतून आणखी कामं मिळणार होती. रेमंड नवीन मॉडेल घेणार होता, म्हणून हा जुना तो तिला अगदी स्वस्तात देत होता.

वापरलेला कॅमेरा घेताना लोक बाहेरचे ओरखडे बघतात. ते बघून फारसं काही कळत नाही. खरी चीज आत असते, सेन्सर. पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे डिजिटलमध्ये हा सेन्सर बसतो. फिल्म दर फोटोला नवी पुढे सरकायची. सेन्सर तोच राहतो, त्यामुळे त्याच्यावर काही बसलं की ते प्रत्येक फोटोत येतं.

आधी मी लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचा फोटो घेतला. फोटो पूर्ण काळा यायला हवा. कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर एका कोपऱ्यात बारीक लाल ठिपका होता. याला हॉट पिक्सेल म्हणतात. एखाददुसरा असतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधून उजेड आत घेणारी खिडकी. फोटो स्वच्छ आला. रेमंड खूश झाला आणि चहा सांगायला निघाला. मी त्याला थांबवलं. खिडकी अगदी बारीक केली, मुद्दाम फोकस घालवला आणि त्याच भिंतीचा पुन्हा फोटो घेतला.

स्क्रीनवर काळपट ठिपके दिसले, आणि मधोमध एक वाकडी रेघ.

रेमंडला ते लागलं. एवढी लग्नं केली, एका पार्टीने कधी डाग दाखवला नाही, तुझी भिंतच मळकी असेल, असं तो म्हणाला. मी कॅमेरा बाजूला वळवून आणखी एक फोटो काढला. ठिपके आणि रेघ जागच्या जागी. भिंतीवर असते तर सरकले असते.

पण तोही खोटं बोलत नव्हता. लग्नात अ‍ॅपर्चर बरंच उघडं असतं, शिवाय मागे फुलं, साड्या, माणसं. त्यात डागाची सावली पसरून नाहीशी होते. नळाचा फोटो टोकापासून टोकापर्यंत शार्प हवा, म्हणून खिडकी बारीक करावी लागते. मग सेन्सरवरच्या कणाचीही ठसठशीत सावली पडते, आणि पांढऱ्यावर ती लपत नाही.

"काका, राहू द्या," वैशाली हळूच म्हणाली. "मी कॉम्प्युटरवर पुसून टाकीन."

कॅटलॉगच्या प्रत्येक फोटोत, नळाच्या चकाकीवरून जाणारी रेघ ती कशी पुसणार होती, देव जाणे. रेमंडला वाईट वाटू नये एवढाच तिचा हेतू होता.

मी सेन्सर साफ करायला घेतला. आधी रबरी फुग्याने हवा मारली, मग औषध लावलेली मऊ पट्टी एकदाच फिरवली. ठिपके गेले. रेघ तशीच राहिली. ती धूळ नव्हती, सेन्सरवरच्या काचेवरचा ओरखडा होता.

रेमंड खुर्चीत बसला. बऱ्याच वेळाने त्याला आठवलं. किनाऱ्यावरच्या एका रिसेप्शनला वाऱ्यात लेन्स बदलताना आत काहीतरी उडालं होतं, आणि त्याने चष्म्याच्या फडक्याने ते पुसलं होतं. वाळूचा कण असणार.

"हा मी तुला देत नाही," तो वैशालीला म्हणाला.

"अंकल, मला चालेल."

"तुला चालेल गं. नळवाल्याला चालणार नाही. पहिल्याच कामात माझ्यामुळे तुझं नाव खराब व्हायला नको."

तिचे डोळे भरले. काम तोंडावर आलं होतं आणि दुसरा कॅमेरा घेण्याची तिची ऐपत नव्हती. रेमंडने माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या कॅमेऱ्याकडे. त्याने विचारलं, लग्नाला हा चालेल ना? मी म्हटलं, मजेत चालेल.

मग त्याने जे ठरवलं ते इतकं सोपं होतं की मला सुचलं नाही याचं नवल वाटलं. नवीन कॅमेरा तो घेणारच होता. कारखाना चालतो आठवडाभर, त्याची लग्नं बहुतेक रविवारची. म्हणजे नवीन कॅमेरा सोमवार ते शनिवार वैशालीकडे, रविवारी त्याच्याकडे. आणि रविवारीही तिला लागला, तर तो लग्नाला रेघवाला घेऊन जाईल.

कॅटलॉग छान झालं. त्यावर वैशालीला शेजारच्या कुलपांच्या कारखान्याचं काम मिळालं. पुढे तिने स्वतःसाठी एक वापरलेला कॅमेरा पसंत केला, तेव्हा रेमंड तिच्याबरोबर दुकानात आला. मी हात लावायच्या आधीच त्याने तो उचलला, अ‍ॅपर्चर बारीक केलं आणि भिंतीसमोर उभा राहिला. वैशाली माझ्याकडे बघून हसली. फोटो स्वच्छ निघाला, तरी त्याने आणखी तीनचार काढले.

तेव्हापासून कोणी जुना कॅमेरा दाखवून "चांगला आहे का?" असं विचारलं, की मी आधी विचारायचो, "फोटो कशाचे काढणार?" त्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.